सावकाशकाकांचा आकडा

आमच्याकडे पितळेच्या मुठी व्हायच्या. दाराच्या मुठी, खिडक्यांच्या कड्या, क्वचित कपाटांच्या बिजागऱ्या. आम्ही त्याला कारखाना म्हणायचो, पण ते आपलं कौतुकाने. खरं तर पुढे एक ऑफिसची खोली, मधे घासकामाची आणि पॉलिशची खोली, आणि मागे पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये भट्टी. सकाळी भट्टी धरली की तापलेल्या पितळेचा एक आंबूस वास पार ऑफिसपर्यंत यायचा आणि माझ्या केसांत बसायचा. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्या वेणीला नाणी बांधलीयत का गं?"

भट्टीवर जे मुख्य कारागीर होते त्यांना सगळे सावकाशकाका म्हणत. माझ्या जन्माच्या आधीपासून ते बाबांबरोबर होते. काहीही काम सांगा, ते आधी "सावकाश" म्हणणार. साचा भरताना सावकाश, वितळलेल्या पितळेची मूस उचलताना सावकाश, जिना उतरताना सावकाश. एकदा त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा, मुहूर्त कधीचा, या प्रश्नालाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, असं बाबा सांगत आणि पोट धरून हसत.

ऑफिसात एक जुना टाइपरायटर होता आणि त्याच्यापुढे मी. मी कॉलेजात जी परकी भाषा घेतली होती ती केवळ त्या तासाच्या बाई छान शिकवायच्या म्हणून. त्या भाषेचा कुणाला काही उपयोग होईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. पण एका प्रदर्शनात ठेवलेली आमची एक मूठ कुणी तरी पाहिली, ती समुद्रापलीकडे गेली आणि तिच्या मागोमाग एक पत्र आलं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"शिकलीस ना? मग लाग कामाला."

तेव्हापासून ते गिऱ्हाईक आमच्या घरात 'पलीकडचे' झालं. पलीकडच्यांचं पत्र आलं का, पलीकडच्यांची खोकी भरली का. दोन वर्षं ते एक-दोन खोक्यांचा माल मागवत होते. त्यांची पत्रं कोरडी ठणठणीत. लांबी इतकी, जाडी इतकी, स्क्रूचं भोक काठापासून इतकं, आणि खाली 'आपला विश्वासू'च्या जागी त्यांच्याकडचा एक ठरावीक शब्द आणि आडनाव. मी उत्तरात वर 'महोदय' लिहायची. बाबांच्या मनात त्यांचं चित्र ठरलेलं होतं : उंच, किडकिडीत, मिशीवाला, कधी न हसणारा माणूस. आई म्हणायची, "बिचाऱ्याच्या घरी कुणी नसेल. एवढं माप माप काय करतो!"

पत्र लिहिण्याची आमची एक रीत बसून गेली होती. बाबा खिडकीशी उभं राहून आपल्या भाषेत सांगायचे, मी पलीकडच्यांच्या भाषेत टाइप करायची, आणि कागद पुढे केला की बाबा जाड निबाच्या पेनाने खाली आपल्या लिपीत सही ठोकायचे. वर काय लिहिलंय याचं एक अक्षरही त्यांना कळत नसे. शाई वाळेपर्यंत ते कागदावर फुंकर मारायचे, जणू गरम चहाच आहे.

तिसऱ्या वर्षी पलीकडच्यांचं मोठं पत्र आलं. त्यांच्या गावातल्या एका जुन्या शाळेची दुरुस्ती चालली होती. दारांच्या एकशे चाळीस मुठी हव्यात, खिडक्यांच्या चारशे कड्या हव्यात, सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत हव्यात. शेवटी एक ओळ होती : दुसऱ्या एका कारखान्याने सात आठवड्यांत माल जहाजावर चढवतो असं कळवलं आहे, आपलं काय?

बाबांनी सावकाशकाकांना बोलावलं. काका हात पुसत दारातच उभे राहिले. ऑफिसात ते कधी बसत नसत, कपड्यांची वाळू खुर्चीला लागेल म्हणून.

"किती आठवडे लागतील?" बाबांनी विचारलं.

"सावकाश."

"ते कळलं हो. आकडा सांगा."

काकांनी छताकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "नऊ."

"आठ करा."

"तुम्ही म्हणा आठ, मालक. मूठ नऊच म्हणणार."

बाबा हसले. मला म्हणाले, "आठ लिही. आणि लिही की याहून लवकर जमणार नाही, पण माल असा देऊ की शाळेतली पोरं म्हातारी होतील तरी मूठ हलणार नाही."

मी मशीनमध्ये कागद घातला. आठ आकड्याच्या कळीवर बोट ठेवलं आणि थांबले. दुसरा कारखाना सात म्हणतोय, आम्ही आठ म्हणणार. म्हणजे एवढं मोठं काम हातचं जाणार. आणि का? तर काकांना घाई आवडत नाही म्हणून. मी तेवीस वर्षांची होते. त्या वयात माणसाला वाटतं की जगातली सगळी मोठी माणसं उगाच हळू चालतात. एकदा काम हातात आलं की सगळे आपोआप पळतील, असा मी हिशेब केला आणि आठच्या जागी सहा लिहिलं. शाळेतल्या पोरांचं वाक्य मात्र मी फार सुंदर उतरवलं. बाबांनी सही केली, फुंकर मारली.

काम आम्हाला मिळालं. बाबांनी आईला, शेजाऱ्यांना, अगदी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

पळालं अर्थात कुणीच नाही. पितळ कसं पळणार? वाळूचा साचा ओला राहिला तर मुठीत पोकळी राहते, रस नीट तापला नाही तर पानाची नक्षी बोथट येते. हो, त्या मुठीच्या टोकाला एक छोटं पान होतं, शिरांसकट. मी रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून शेडमध्ये जायची आणि तयार मुठींच्या फळीकडे बघायची. काका विचारायचे, "पोरी, तुला मुठी मोजायला कुणी सांगितलंय का?" मी म्हणायची, "छे, सहज."

सहावा आठवडा गेला. सातव्यात तार आली. दोनच शब्द होते : कोणतं जहाज? बाबा त्या दिवशी पितळ आणायला परगावी गेले होते. मी पोस्टात गेले, फॉर्म घेतला आणि लिहिलं : पुढचं जहाज. एका थापेला दुसऱ्या थापेचा आधार लागतोच. बाबा परत आल्यावर म्हणाले, "तार कसली होती?" मी म्हटलं, "माल कसा होतोय विचारत होते."

खोकी बंदराकडे निघाली ती नवव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी. काकांनी स्वतः लाकडाचा भुसा दाबून दाबून भरला, ब्रशने खोक्यांवर पत्ता काढला, आणि माल नेणाऱ्या मोठ्या गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मला मात्र त्या खोक्यांकडे बघवत नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते पत्र आलं.

बाबांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. माल पोचल्याचं पत्र म्हणजे त्यांचा सण असायचा. पत्रात काय होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. लिहिलं होतं की माल उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही सहा लिहिलंत म्हणून मी पुढे सहा सांगितलं. तुम्ही पुढचं जहाज लिहिलंत म्हणून मी बंदरावर माणूस पाठवला, आणि तो तीन जहाजं पाहून रिकामा आला. शाळा मुठींशिवाय उघडली. दारं सुतळीने बांधून ठेवावी लागली. एका वर्गाचं दार वाऱ्याने लागलं आणि आत एकतीस मुलं आणि एक शिक्षिका पाऊण तास अडकून पडली. शेवटी सुताराने दार बिजागऱ्यांतून काढलं. मुलांना मजा वाटली. मला वाटली नाही. या गावात माझ्या शब्दावर माझं दुकान चालतं, आणि माझा शब्द तुमच्या शब्दावर उभा होता. तुम्ही नऊ लिहिलं असतंत तरी मी तुमच्याकडूनच घेतलं असतं, कारण मुठी तुमच्याच चांगल्या आहेत.

मी ते मनात वाचलं आणि मोठ्याने म्हटलं, "माल उत्तम आहे म्हणतायत."

"आणि?"

"आणि... आभार मानलेत."

बाबांनी हात पुढे करून पत्र घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग बोट एकेका ओळीवरून खाली नेत म्हणाले, "पान भरून लिहिलंय गं. आणि तू दोनच ओळी वाचल्यास."

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. आठचं सहा, तारेचं उत्तर, सुतळी, एकतीस मुलं. बाबांचा आवाज चढेल म्हणून मी वाट पाहत होते. तो चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मला वाचता न येणाऱ्या कागदावर मी सही करतो," ते म्हणाले. "माहितीय का, कशाच्या भरवशावर?"

मी मान खाली घातली.

"त्या माणसाने आणि मी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याला माझं हसणं दिसत नाही, मला त्याचं. मधे फक्त हा कागद. आणि कागदावर तू." मग ते उठले आणि दारातून हाक मारली, "काका, जरा इकडे या."

मी घाबरून म्हटलं, "काकांना कशाला?"

"आकडा त्यांचा होता. तू तो बदललास. त्यांना कळायला नको?"

काकांना मी पुन्हा सगळं सांगितलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना मी. पण ते म्हणाले, "म्हणून तू मुठी मोजायला यायचीस." एवढंच. नंतर जाता जाता वळून म्हणाले, "पोरी, वाकडी आलेली मूठ आम्ही काही फेकत नाही. परत मुशीत टाकतो. वेळ जातो, पितळ कुठं जात नाही."

बाबा म्हणाले, "लिही आता. लिही की चूक माझी."

"तुमची नाही, माझी आहे."

"खाली नाव माझं आहे ना? मग माझी."

"मग मी लिहिणार नाही," मी म्हणाले. बाबांना असं उलट उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. "लिहीन तर खरं लिहीन."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बरं. खरं लिही. आणि पाठवायच्या आधी मला आपल्या भाषेत वाचून दाखव. सबंध."

मी लिहिलं की हा कागद टाइप करणारी मी कारखानदारांची मुलगी आहे. वडिलांनी आठ सांगितलं होतं, आमचे कारागीर नऊ म्हणाले होते, सहा हा माझ्या मनातला आकडा होता. त्या कारागिरांना आम्ही सावकाशकाका म्हणतो, आणि माल त्यांनी सांगितलेल्या दिवशीच निघाला. वडिलांना तुमची भाषा येत नाही. त्यांनी विश्वासाने सही केली. यापुढे तुम्ही आमच्याशी व्यवहार ठेवला नाहीत तरी वडिलांना खोटं समजू नका. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. त्या दिवशी फुंकर मारली नाही. शाई तशीच वाळू दिली.

पाच आठवडे काही आलं नाही. बाबा पोस्टमनबद्दल विचारत नसत, पण तो यायच्या वेळेला खिडकी पुसायला घ्यायचे. काचा इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या. आई म्हणाली, "जाऊ द्या हो, एक दार बंद झालं तर..." आणि आपण काय बोलतोय हे लक्षात येऊन तिने जीभ चावली.

सहाव्या आठवड्यात जाड पाकीट आलं. मी उभ्याउभ्याच बाबांना ओळ न् ओळ वाचून दाखवायला लागले आणि दुसऱ्या ओळीवर अडखळले.

"काय झालं?"

"बाबा... ते बाई आहेत."

"कोण?"

"पलीकडचे."

त्यांनी लिहिलं होतं : तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. अडीच वर्षं तुम्ही मला महोदय म्हणताय आणि मी ते चालू दिलं. दुकान माझ्या नवऱ्याचं. तो गेल्यावर मी चालवते. पत्रावर पुरुष समजला की कारखानदार नीट बोलतात, बाई समजली की मुलीला समजावल्यासारखं लिहितात, असा माझा अनुभव आहे. मला वाटत होतं की तिकडे एक पोक्त गृहस्थ बसून मला पत्रं लिहितायत. आणि इथे तर दोन बायकाच एकमेकींना महोदय म्हणतायत!

बाबा आधी थक्क झाले आणि मग खुर्चीत बसून इतके हसले की पॉलिशचं चाक थांबवून माणसं बघायला आली. त्यांच्या मनातल्या त्या मिशीवाल्या माणसाचं त्या दिवशी कायमचं विसर्जन झालं. आई म्हणाली, "तरीच म्हटलं, पुरुष कशाला एवढं नेमकं माप देईल!" याआधी ती काय म्हणायची हे तिला आठवत नव्हतं.

पत्राच्या शेवटी एक अट होती. यापुढे प्रत्येक कामाला मला दोन आकडे कळवा. एक तुमच्या वडिलांना वाटतो तो, आणि एक सावकाशकाकांना वाटतो तो. पाकिटात एक जुनी, झिजून चपटी झालेली मूठ होती. अशा बारा हव्यात, कुणाच्या तरी आजोबांच्या घराला. किती दिवस?

बाबा म्हणाले पाच आठवडे. काका म्हणाले सात. आम्ही दोन्ही लिहिलं. माल सातव्या आठवड्यात गेला, आणि पलीकडून उत्तर आलं : मी गिऱ्हाइकाला सात सांगितलं होतं.

मग तसा पायंडाच पडून गेला. कितीतरी वर्षं. बाबांचा आकडा आणि काकांचा आकडा. बाबांचा कधीही खरा ठरला नाही, तरी बाई तो मागायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, तुमच्या वडिलांचा आकडा वाचला की मला दिवसभर बरं वाटतं. गिऱ्हाइकाला मात्र मी काकांचाच आकडा सांगते. बाबांना आधी राग आला, मग ते पत्र त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं.

तीन वर्षांनी बाई स्वतः आल्या. ठेंगण्या, जाडजूड, पायात मजबूत बूट, आणि हसल्या की डोळे मिटायचे. आठ दिवस आमच्याकडेच राहिल्या, कारण हॉटेलात उतरू दिलं तर आईने जेवण सोडलं असतं. त्या आणि आई स्वयंपाकघरात समोरासमोर बसून मटार सोलायच्या, आणि दोघी आपापल्या भाषेत अखंड बोलायच्या. मी मदतीला गेले तर आई म्हणायची, "तू जा, आमचं चाललंय." एकदा त्या दोघी डोळे पुसताना दिसल्या. काय झालं विचारलं तर आई म्हणाली, "तिच्या नवऱ्याचं सांगत होती." आईला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. मी नंतर बाईंना विचारलं, तर खरंच त्या त्याच्याचबद्दल बोलत होत्या.

शेडमध्ये काकांनी मात्र त्यांची परीक्षा घेतली. मला न सांगता. दोन मुठी पुढे केल्या, दिसायला अगदी जुळ्या. बाईंनी त्या डोळ्यांनी पाहिल्याच नाहीत. आधी हातात तोलल्या, मग अंगठा उलटीकडून फिरवला, जिथे दाराला लागल्यावर कुणाला दिसत नाही तिथून. डावी परत काकांच्या हातात दिली आणि मान हलवली. तिच्यात केसाएवढी पोकळी होती. काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या नातवाच्या जन्माच्या वेळीच पाहिला होता.

"बाईला माल कळतो," ते म्हणाले. "तिला सांग, आजवर हिच्यासाठी केलं ते डोळे झाकून केलं. आता उघडे ठेवून करीन."

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "म्हणजे आणखी वेळ लागेल का?" काकांनी उत्तर द्यायच्या आधी त्याच म्हणाल्या, आमच्या भाषेत, वाकड्यातिकड्या उच्चारात : "सावकाश." सबंध शेड हसली.

त्यांना निरोप दिल्यावर बाबांनी एकसष्टाव्या वर्षी वही आणली आणि म्हणाले, "मला शिकव त्यांची भाषा." रोज दुपारी चहानंतर अर्धा तास. क्रियापदांवर ते कारागिरावर चिडावं तसे चिडायचे. वर्षभरात त्यांना सोपं पत्र वाचता यायला लागलं. पण मी टाइप केलेला कागद पुढे केला की ते पूर्वीसारखीच न बघता सही करायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, आता वाचता येतं ना तुम्हाला? मग वाचत का नाही?"

"वाचता येतं म्हणून वाचलंच पाहिजे असं कुठंय?" ते म्हणाले आणि फुंकर मारली.

मग ते वादळ आलं. दुपारची जेवणाची वेळ होती म्हणून सगळी माणसं पुढच्या खोलीत डबे उघडून बसली होती, नाहीतर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. वारा असा सुटला की शेडचे पत्रे कागदासारखे फडफडले आणि सबंध छप्पर भट्टीवर बसलं. भट्टी फुटली. आतल्या निखाऱ्यांनी भिंतीला लावलेले, वाळूत साचे पाडायचे लाकडी नमुने पेटले. तीस वर्षांत कोरलेले नमुने, पानाचे, पाकळीचे, घोड्याच्या नालाचे, तासाभरात गेले. बाबा रस्त्याच्या पलीकडच्या कट्ट्यावर बसून होते. काका राखेतून काठीने काहीतरी शोधत होते.

त्या आठवड्यात आम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं. दोघांनी खेद व्यक्त केला आणि काम दुसरीकडे नेलं. त्यांचंही काही चुकलं नाही. धंदा आहे. बाईंचं मोठं काम अर्धवट होतं, एका जुन्या नाट्यगृहाच्या दारांचं. बाबांनी सांगितलं, "लिही, सात महिने. आणि लिही की दुसरीकडे गेलात तरी आम्ही समजून घेऊ." मी लिहिलं.

तारेने उत्तर आलं : काका किती म्हणतात?

घाईत मीच विसरले होते. मी तार घेऊन शेडकडे गेले. काका नव्या भट्टीच्या विटा एकावर एक रचून, पुन्हा उतरवून बघत होते. मी वाचून दाखवलं. ते खाली बसले. हातातली वीट मांडीवर ठेवली. बोटांवर मोजून म्हणाले, "दहा. नमुने पुन्हा कोरायचेत. दहा सांग. आणि सांग की पहिला नमुना त्यांच्या पानाचा कोरतो."

मी दहा लिहिलं. कळ दाबायच्या आधी डोळे मिटले, हे खरं.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. नाट्यगृहवाल्यांना दहा सांगितलं. ते नाराज आहेत. मी त्यांना म्हटलं, शंभर वर्षं ही दारं होती, आणखी दहा महिने दोरीवर निभावतील. सुतळीने दारं बांधायचा मला अनुभव आहे.

हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा बाबा वादळानंतर पहिल्यांदा हसले. मला मात्र लाजेने कान गरम झाल्यासारखं वाटलं, आणि तरी इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. जुन्या चुकीवरून जेव्हा कुणी आपली थट्टा करू शकतं, तेव्हा समजावं की ती आता दोघांची झाली.

दहा महिन्यांनी खोकी निघाली. आमचा कारखाना त्या एका कामावर पुन्हा उभा राहिला.

बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली. काका त्यांच्या मागोमाग गेले, झोपेत, अगदी सावकाश. कारखाना माझी भाची चालवते आणि छान चालवते. ती सकाळी पलीकडच्यांना फोटो पाठवते आणि चहा निवायच्या आत उत्तर येतं. मला गंमत वाटते, पण त्या पाच आठवड्यांची, पोस्टमनच्या वेळेला चकचकीत पुसलेल्या खिडकीची आठवण आली की जीव थोडा कासावीस होतो. तेव्हा शब्द इतका लांबचा प्रवास करून यायचा की दारात आल्यावर त्याला बसा म्हणावंसं वाटायचं.

बाईंनीही दुकान केव्हाच सोपवलं. आता त्यांना आमच्याकडून काही घ्यायचं नाही आणि मला त्यांना काही विकायचं नाही. तरी महिन्याला एक पत्र त्यांचं, एक माझं. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे, डोळे, लायब्ररीतली नवी पुस्तकं, माझ्या आईच्या आठवणी, सगळं असतं त्यात. गेल्या आठवड्यात आलेल्या पत्रात त्यांनी शेजाऱ्याशी झालेलं भांडण चार पानं लिहिलंय. बाईंच्या झाडाच्या फांद्या त्याच्या भिंतीवर गेल्या म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि बाईंनी त्याला बरंच ऐकवलं. शेवटी मला विचारलंय, तूच सांग, माझं काही चुकलं का?

मी पत्र तीनदा वाचलं. फांद्या खरोखरच फार वाढल्या असणार. शेजाऱ्याचंच बरोबर आहे. चार दिवस झाले, मी कागद पुढे घेऊन बसते, पहिली ओळ लिहिते आणि खोडते. पण आज दुपारी लिहून टाकीन. गोड शब्दांत लिहीन, पण लिहीन.